पाचामुखी इंग्रजी

पारावर पाच माणसं गप्पा मारत बसली, तर ती नुसती पाच माणसं. तीच माणसं बांधाचं भांडण मिटवायला बसली की होतात पंच. माणसं तीच, आकडाही तोच. फक्त त्यांच्या अंगावर कोट चढला. मराठीत पाचाचं हे नेहमीचंच. भाजीवाली पाच रुपये मागते, पण देवाला पंचामृत लागतं. मुलगी पाचवीत जाते, पण सरकारची योजना पंचवार्षिक असायची. ‘पाचवार्षिक योजना’ म्हणून पाहा, हसू येतं. ‘पाच’ हा हजारो वर्षं लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेला शब्द, ‘पंच’ हा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. व्याकरणाच्या पुस्तकात एकाला तद्भव म्हणतात, दुसऱ्याला तत्सम.

हा भेद ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याला इंग्रजीतल्या पाचाची गोष्ट चटकन उमगावी. फरक एवढाच, की इंग्रजीनं स्वतःच्या घरचा ‘फाइव्ह’ ठेवून घासलेला पाच फ्रेंचांकडून घेतला आणि कोटातला पाच लॅटिनकडून. एक मागच्या दारानं आला, फासे खेळणाऱ्यांच्या आणि खलाशांच्या संगतीनं. दुसरा पुढच्या दारानं आला, पंडितांच्या काखेतल्या पोथीतून.

एकाच आजीची नातवंडं

या सगळ्या पाचांची आजी एकच. युरोपातल्या आणि उत्तर भारतातल्या बहुतेक भाषा जिच्यापासून निघाल्या, त्या मूळ भाषेत पाचाला ‘पेन्क्वे’सारखा शब्द असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मांडतात. हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही. नातवंडांचे चेहरे जुळवून आजीचं चित्र काढावं, तसा तो उभा केलेला आहे. संस्कृतात पुढचा ‘प’ टिकला आणि मागच्या ‘क्व’चा ‘च’ झाला: पञ्च. ग्रीकमध्ये झालं ‘पेन्ते’, रशियनमध्ये ‘प्यात’.

खरी गंमत लॅटिन आणि जर्मानिक भाषांत झाली. शब्दात दोन वेगळे ध्वनी असले की जीभ कधीकधी आळस करते आणि एकाला दुसऱ्यासारखं करून टाकते. ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं आणि मग आपलं ‘सात’, ते असंच. ‘पेन्क्वे’मध्ये पुढे ‘प’ आणि मागे ‘क्व’. लॅटिन बोलणाऱ्यांनी पुढच्याला मागच्यासारखं केलं: क्विन्क्वे. जर्मानिक टोळ्यांनी नेमकं उलट केलं, मागच्याला पुढच्यासारखं. वर त्यांच्याकडे ‘प’चा ‘फ’ होण्याची रीत होती, म्हणून झालं ‘फिम्फ’. जर्मनमध्ये तो ‘फ्युन्फ’ म्हणून अजून नाकात बोलतो. इंग्रजीनं मधला अनुनासिक गाळला आणि ‘फाइव्ह’ उरला. ‘फाइव्ह’ आणि ‘क्विन्क्वे’ यांच्यात एकही ध्वनी सारखा नाही, तरी ती सख्खी चुलत भावंडं आहेत.

लॅटिनचा प्रवास इथे थांबला नाही. ‘क्विन्क्वे’ म्हणताना ओठांचा चंबू दोनदा करावा लागतो. रस्त्यावरच्या लॅटिननं पहिला चंबू सोडून दिला आणि ‘किन्क्वे’ म्हणायला सुरुवात केली. पुढे ‘इ’च्या आधीचा ‘क’ मऊ पडत पडत ‘स’ झाला, शेवटचा स्वर झडला, आणि आजचा फ्रेंच ‘सँक’ तयार झाला. म्हणून एक खूण लक्षात ठेवावी. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला ‘क्विन’ ऐकू आलं तर तो बहुधा थेट लॅटिन पोथीतला, ‘सिंक’ ऐकू आलं तर फ्रेंचांच्या जिभेवरून आलेला.

मागचं दार

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोनअडीचशे वर्षं तिथला दरबार फ्रेंच बोलत राहिला. दरबारासोबत त्याचे खेळही आले. एकेकाळी इंग्रजीत फाशांचे आकडे नेहमीच्या आकड्यांहून वेगळे मोजत: एस, ड्यूस, ट्रे, केटर, सिंक, साइस. सगळे फ्रेंच. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पत्ते पिसताना आपण तरी दोन, तीन, चार, पाच कुठे म्हणतो? दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी म्हणतो. खेळाची मोजणी व्यवहाराच्या मोजणीपासून जराशी लांब ठेवायची, ही दोन्हीकडची खोड. इंग्रजीतल्या त्या यादीपैकी एस आणि ड्यूस टेनिसच्या समालोचनात रोज ऐकू येतात. सिंक मात्र विस्मरणात गेला.

तो गेला, पण ठसे ठेवून. एलिझाबेथकालीन इंग्लंडात पाच पावलांचा एक चपळ नाच होता, ‘सिंकपेस’. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये त्याचा उल्लेख आहे. पाच पाकळ्यांच्या रानफुलाला आणि गॉथिक खिडकीतल्या पाच पाकळ्यांच्या नक्षीला ‘सिंकफॉइल’ म्हणतात. मूळ अर्थ ‘पाच पानी’.

सगळ्यांत मोठा ठसा आहे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर. हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच ही पाच बंदरं मिळून ‘सिंक पोर्ट्स’. शब्द लिहितात फ्रेंच वळणाचा, पण कोणी फ्रेंच थाटात ‘सँक’ म्हणालं तर तिथले लोक दुरुस्त करतात. मध्ययुगात राजाकडे कायमचं आरमार नव्हतं. या बंदरांनी वर्षातून १५ दिवस ५७ जहाजं राजाच्या सेवेला द्यायची, प्रत्येक जहाजावर २१ माणसं आणि एक पोऱ्या. बदल्यात करांतून सूट आणि स्वतःची न्यायालयं. व्यवहार चोख होता. पण गाळ मात्र या बंदरांच्या पाचवीला पुजलेला. १२८७ च्या वादळानं न्यू रॉम्नीच्या बंदरात दगडगोटे आणि चिखल आणून भरला, नदीचं पात्रच बदललं. सँडविचही आज समुद्रापासून आत पडलं आहे. त्या गावाचं नाव जगाच्या तोंडी राहिलं ते तिथल्या जहाजांमुळे नव्हे, तर त्याच गावाच्या नावाची सरदारकी मिरवणाऱ्या एका अर्लमुळे आणि पावाच्या दोन कापांमुळे. पाचांपैकी मोठं बंदर म्हणून आज उरलं आहे एकटं डोव्हर.

बंदरं गेली, पद राहिलं. ‘सिंक पोर्ट्सचा लॉर्ड वॉर्डन’ हा अजूनही ब्रिटनमधला मानाचा किताब आहे. तो चर्चिलकडे होता आणि त्याच्याआधी ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे. हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढलेला. १८५२ मध्ये तो वारला, तो या पदासोबत मिळणाऱ्या वॉल्मरच्या किल्ल्यातच.

मागच्या दारानं आलेला आणखी एक शब्द थेट आपल्या सोसायटीच्या गणपतीत येऊन बसतो. हाउझीचं तिकीट हातात घ्या. तीन आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत नऊ घरं आणि त्यांतली पाचच भरलेली. फ्रान्समधल्या लोटोचं तिकीट याच घडणीचं असतं, आणि ओळ पूर्ण झाली की तिथला खेळाडू ओरडतो, ‘कीन!’ हा ‘कीन’ लॅटिनमधल्या ‘क्विनी’चा नातू, आणि ‘क्विनी’चा अर्थ ‘पाच-पाच’. आपण शब्द दोनदा म्हणून जे साधतो, त्यासाठी लॅटिननं वेगळा शब्दच ठेवला होता. अमेरिकेतल्या जुगारघरांत जाऊन ‘कीन’चा झाला ‘कीनो’. आपल्याकडे ‘टॉप लाइन’ म्हणून हात वर होतो, तेव्हा ओळीत पाचच आकडे का, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

पुढचं दार

पंडितांच्या दारानं आलेल्या शब्दांत सगळ्यांत देखणा आहे ‘क्विन्टेसन्स’. तो फोडला की मिळतं ‘क्विन्ता एसेन्शिया’, म्हणजे पाचवं तत्त्व. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते पृथ्वीवरच्या सगळ्या वस्तू माती, पाणी, हवा आणि अग्नी या चारांच्या बनलेल्या. त्या कुजतात, झिजतात, बदलतात. चंद्रापासून वर मात्र काहीच बदलत नाही. तेव्हा ते आकाशस्थ गोल वेगळ्याच द्रव्याचे असले पाहिजेत. हे पाचवं द्रव्य म्हणजे ईथर. आपल्या पंचमहाभूतांतही आकाश पाचवंच. पण ते आपल्या देहातही आहे, म्हणून तर मेलेला माणूस ‘पंचत्वात विलीन’ होतो. ग्रीकांचं पाचवं द्रव्य माणसाच्या हाताला लागणारं नव्हतं.

ते खाली ओढून आणलं किमयागारांनी. चौदाव्या शतकातला फ्रान्सिस्कन साधू जॉन ऑफ रुपेसिस्सा याची खात्री होती, की प्रत्येक वस्तूत स्वर्गीय पाचवं तत्त्व दडलेलं असतं आणि ते गाळून काढता येतं. त्याचा पुरावा होता भट्टीत. द्राक्षाची दारू पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केली की जे ज्वलनशील पाणी मिळतं, त्यात मांस ठेवलं तर ते सडत नाही. जे कुजू देत नाही ते स्वर्गातलंच! आज आपण त्याला अल्कोहोल म्हणतो. पण या कल्पनेमुळे ‘क्विन्टेसन्स’चा अर्थ आकाशातून बाटलीत उतरला: वस्तूचं गाळून काढलेलं सार. मराठीत यासाठी बांधेसूद शब्द आहे, अर्क. गुलाबाचा असतो तसा माणसाचाही असतो, ‘काय अर्क आहे!’ इंग्रजीत माणसाला ‘क्विन्टेसेन्शियल’ म्हणतात तेव्हा त्यात आपली ही टिंगल नसते. अस्सल, नमुनेदार एवढंच. शब्दानं पुन्हा एकदा आकाशात उडी मारली ती १९९८ मध्ये. विश्वाचं प्रसरण वेगानं का वाढतं आहे, हे सांगण्यासाठी काही खगोलभौतिकशास्त्रज्ञांनी कृष्णऊर्जेचं काळानुसार बदलणारं एक रूप सुचवलं आणि त्याला नाव दिलं ‘क्विन्टेसन्स’. स्वर्गातलं न बदलणारं द्रव्य म्हणून जन्मलेला शब्द आता बदलत्या ऊर्जेचं नाव झाला आहे.

दुसरा शब्द पाहण्यासाठी फासा हातात घ्या. पाच टिंबांची बाजू वर करा: चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. या मांडणीला इंग्रजीत ‘क्विन्कन्क्स’ म्हणतात. उच्चारायला खडा लागल्यासारखा, पण आत साधा हिशोब आहे. आपला जुना रुपया जसा सोळा आण्यांचा, तसं रोमनांचं ‘आस’ नावाचं नाणं बारा ‘उन्किया’चं. पाच उन्कियांचं नाणं म्हणजे क्विन्कन्क्स, आणि त्याची किंमत ओळखू यावी म्हणून त्यावर पाच ठिपके उमटवत. नाणं बंद पडलं, नाव मांडणीला चिकटलं. त्या ‘उन्किया’पासूनच इंग्रजीतला ‘औंस’ निघाला आणि ‘इंच’ही.

फळबाग लावणाऱ्याला ही मांडणी नावाशिवायही ठाऊक असते. दहा-दहा मीटरवर आंब्याची कलमं लावली की सुरुवातीची काही वर्षं मधली जमीन रिकामी पडते. म्हणून प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक पपई लावायची. आंबा पसरेपर्यंत पपई पैसे देऊन मोकळी होते, आणि त्याच जमिनीत झाडांची संख्या जवळजवळ दुप्पट बसते. फळबागेच्या पाठ्यपुस्तकात या पद्धतीचं नाव क्विन्कन्क्सच. इंग्रज वैद्य आणि लेखक टॉमस ब्राउन याला तर या मांडणीनं झपाटलं होतं. १६५८ मध्ये छापलेल्या ‘द गार्डन ऑफ सायरस’ या पुस्तकात त्याला ती बागांत, पानांत, विणकामात, जिथे पाहील तिथे दिसते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गॉल्टननं फळीवर याच नक्षीत खिळे ठोकून वरून छर्रे सोडले. प्रत्येक खिळ्यावर छर्रा डावीकडे किंवा उजवीकडे घरंगळतो, आणि तळाशी ढीग साचतो तो मध्ये उंच, कडेला उतरता, घंटेच्या आकाराचा. संख्याशास्त्राच्या वर्गात अजून हा खेळ दाखवतात.

मोठ्या आकड्यांतही पाच बसला आहे. १४८४ मध्ये फ्रेंच गणिती निकोला श्युके यानं मोठ्या संख्यांसाठी नावांची शिडी मांडली: बिलियन म्हणजे दोनदा मिलियन, ट्रिलियन म्हणजे तीनदा, आणि पाचव्या पायरीला पाच मिलियनांचा गुणाकार, म्हणजे एकावर ३० शून्यं. पुढे पायऱ्या बदलल्या. आजच्या रूढ इंग्रजी मोजणीत क्विन्टिलियन म्हणजे एकावर १८ शून्यं. आपल्या जुन्या मोजणीत शेवटी येणारं परार्ध १७ शून्यांचं. म्हणजे दहा परार्धांचा एक क्विन्टिलियन. रुबिकच्या ठोकळ्याची जितकी वेगवेगळी रूपं होऊ शकतात, त्यांची संख्या ४३ क्विन्टिलियनांहून थोडी जास्त भरते. ठोकळा हातात घेऊन कंटाळलेल्या मुलाला तेवढाच दिलासा.

बाकीचे भराभर. ‘क्विन्टेट’ म्हणजे पाच वादकांची रचना. शूबर्टची १८१९ मधली ‘ट्राउट क्विन्टेट’ त्यातली विख्यात. ‘क्विन्टाइल’ म्हणजे पाच समान वाट्यांतला एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांची संपत्तीनुसार अशीच पाच भागांत विभागणी करतात. ‘क्विन्क्वेनियल’ म्हणजे आपलं पंचवार्षिक. ‘क्विन्क्वाजेसिमा’ हा पाचाचा नव्हे, पन्नासाचा वंशज: ईस्टर धरून मागे मोजत गेलं की पन्नासावा दिवस, ईस्टरआधीचे उपास ज्या बुधवारी सुरू होतात, त्याच्या आधीचा रविवार. गोव्यात त्या रविवारी कार्निव्हल ऐन रंगात असतो.

‘क्विन्टुप्लेट्स’ म्हणजे एका वेळी जन्मलेली पाच भावंडं. या शब्दाची जगभर चर्चा झाली ती २८ मे १९३४ ला कॅनडातल्या ओंटारिओत जन्मलेल्या डिओन बहिणींमुळे. एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबातल्या या पाच मुली तान्हेपणातून तगलेल्या अशा पहिल्याच ज्ञात बहिणी. प्रांतिक सरकारनं त्यांना आईबापांपासून काढून ताब्यात घेतलं आणि त्यांच्याभोवती ‘क्विंटलँड’ नावाचं पर्यटनस्थळ उभं केलं. मुली खेळत आणि काचेपलीकडून लोक पाहत. शब्दांच्या कुळकथेत एवढी उदास पायरी क्वचितच लागते.

आणि एक पाच पुसलाही गेला. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून पाचव्या महिन्याचं नाव होतं ‘क्विन्तिलिस’. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या सन्मानार्थ ते बदललं आणि झाला जुलै. सप्टेंबरात ‘सप्त’ आणि डिसेंबरात ‘दश’ आजही ऐकू येतात, चुकीच्या जागी का होईना; पाचव्याच्या नशिबी तेही उरलं नाही.

कुळाबाहेरचे

आता इथे वाचकाची पंचाईत होते. (हाही शब्द पंचांच्या बैठकीतूनच आला, पाच जण निवाड्याला बसले की काय होतं, ते मराठीनं नोंदवून ठेवलं आहे.) ‘क्विन’ दिसलं की लॅटिन पाच, ही खूण सांगितली खरी, पण ‘बहुधा’ म्हणून. क्विनाइन पाचाचं नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत ‘किना’ म्हणजे झाडाची साल. त्या सालीच्या झाडाचं नाव सिंकोना, तेही फ्रेंच ‘सँक’चं कोणी नव्हे, वनस्पतीशास्त्रज्ञ लिनिअसनं ते स्पेनमधल्या चिंचोनच्या काउंटेसवरून ठेवलं. किन्वा हे धान्य केचुआच. क्विन्स हे फळ क्रीट बेटावरच्या किदोनिया गावाचं. आपल्याकडेही असे तोतये आहेत. पाचोळा, पाचर, पाचू यांत ‘पाच’ दिसतो, पण झाडाचा पाचोळा कोणी पाच-पाच पानं मोजून पाडत नाही.

सर्वांत बेमालूम तोतया मात्र आपल्या मोंढ्यात बसला आहे: क्विंटल. भावफलकावर सोयाबीन, तूर, कांदा, सगळ्यांचे दर त्याच्यापुढे. चेहरा हुबेहूब लॅटिन पाचवा, ‘क्विन्तुस’चा. पण क्विंटल शंभर किलोंचा असतो, आणि त्याचं नावही शंभराचंच आहे. लॅटिनमध्ये शंभर म्हणजे ‘केन्तुम’, आणि शंभरांचं वजन ‘केन्तेनारियुम’. हा शब्द ग्रीकांकडून अरबांकडे गेला आणि तिथे ‘किन्तार’ झाला. अरब व्यापाऱ्यांबरोबर तो पुन्हा युरोपात शिरला तेव्हा त्याला घरचंही कोणी ओळखेना. मध्ययुगीन लॅटिननं आपल्याच नातवाला परका समजून ‘क्विन्ताले’ असं नवं नाव दिलं. फ्रेंचांनी त्याला दशमान पद्धतीत शंभर किलोंवर बसवलं, आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मण आणि शेर मागे पडले तसा तो आपल्या अडत्यांच्या तोंडी रुळला.

पाचाच्या कुळातून त्याला बाहेर काढलं, तरी तो अगदीच परका ठरत नाही. लॅटिन ‘केन्तुम’ आणि संस्कृत ‘शतम्’ ही एकाच पूर्वजाची दोन लेकरं, आणि आपल्या दोनशे-तीनशेतला ‘शे’ हा त्या ‘शत’चा झिजून उरलेला तुकडा. काट्यापाशी उभा राहून हमाल ‘दोनशे क्विंटल’ म्हणतो, तेव्हा एक घरी राहून झिजलेला आणि दुसरा रोम, बगदाद, पॅरिस फिरून आलेला, असे दोन शंभर त्याच्या तोंडात शेजारी-शेजारी बसलेले असतात.